बारावी गाडी

जत्रा तोंडावर आलेली असताना माझ्या दिराने आपल्या पिकअपची बॉडी उचलून घेतली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्या गाडीचं त्याने काय करावं, याच्याशी एरवी मला देणंघेणं नव्हतं. पण त्या गाडीच्या ब्रेकवर माझ्या नवऱ्याचा जीव होता.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाटायचं की ही बाई उगाच दिराच्या मागे लागली. मी ज्ञानेश्वरी. नवऱ्याचं नाव कल्याण. चारचौघांत मी त्यांना ‘अहो’ म्हणते, पण इथे नावानेच लिहिते, म्हणजे घोळ नको. आमच्या गावात चैत्रात खंडोबाची जत्रा भरते आणि जत्रेला बारागाड्या ओढतात. बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, बैल नाहीत, नुसत्या गाड्या. त्यांत नवसाची माणसं, लेकुरवाळ्या बाया, पोरंटोरं बसतात. सगळ्यांत पुढे भगत. त्याने कमरेला दोर बांधायचा, अंगाला भंडारा फासायचा आणि ती अख्खी रांग वेशीपासून देवळापर्यंत ओढत न्यायची. बाजूने गावकरी हात लावतातच, पण पुढे पळतो तो एकटा. मारुतीच्या पारापर्यंत रस्ता सपाट आहे. तिथून देवळापर्यंत उतार. सपाटीला जोर लागतो, पण धोका उतारालाच. तिथे गाड्या ओढाव्या लागत नाहीत, त्या आपणहून अंगावर येतात.

माझे सासरे गहिनीनाथ मामा कैक वर्षं भगत होते. मी लग्न होऊन आले त्यानंतरच्या दुसऱ्याच जत्रेत गाड्या उताराला आवरल्या नाहीत आणि एक चाक मामांच्या पायावरून गेलं. गाव म्हणालं, देवानं पायावर भागवलं. मी तो पाय रोज शेकत होते, त्यामुळे मला काही तसं म्हणवलं नाही. पुढे काही वर्षं चुलत घरातले एकजण ओढायचे. ते थकले आणि यंदा मान आमच्या घरात परत आला, कल्याणकडे. सासूबाईंनी, म्हणजे चांगुणा आत्यांनी, ते ऐकलं आणि उठून चुलीपाशी जाऊन बसल्या. चुलीवर काहीही नव्हतं.

मामांचा पाय गेल्यावर पंचांनी एक शहाणपण केलं होतं. बारावी गाडी बैलाची ठेवायची नाही, इंजिनाची ठेवायची, ब्रेक असलेली. तशाही गावात आता बैलगाड्या अकरा जमवतानाच नाकीनऊ येतात, बैल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ती बारावी गाडी म्हणजे वैजनाथची, माझ्या दिराची पिकअप. अकराव्या गाडीच्या मागच्या आडव्या लाकडाला पिकअपचा पुढचा बंपर खेटवायचा, मधे जुना टायर घालायचा आणि साखळीने दोन्ही गच्च आवळायचे. उताराला वैजनाथने ब्रेक दाबला की अख्खी रांग मागून धरली जाते. म्हणजे यंदा थोरला भाऊ पुढून ओढणार आणि धाकटा मागून आवरणार. ऐकायला छान वाटतं. पण धाकट्याचा स्वभाव मला ठाऊक होता. हा माणूस स्वतःच्या लग्नात हळदीच्या अंगाने क्रिकेट खेळायला गेला होता.

पाडव्याला पंच बाराही गाड्यांना विडा देतात. गाडीवर पान-सुपारी ठेवायची, भंडारा लावायचा. एकदा विडा दिला की गाडी बदलता येत नाही. मोडली तर दुरुस्त करून आणा, पण तीच आणा. तर वैजनाथने पाडव्याला विडा घेतला आणि नंतर सरळ नगरला जाऊन गाडीची बॉडी वर करून आणली.

अंगणात पिकअप येऊन उभी राहिली तेव्हा मी कांद्याच्या पाती चिरत होते. आधी मला कळेचना काय बदललंय. मग दिसलं. गाडीचा चेहरा वर गेला होता आणि बंपर खालीच राहिला होता. मधे ही मोठी फट. दात पडलेल्या म्हातारीने तोंड उघडावं तशी ती गाडी माझ्याकडे बघत होती.

“भावजी, हे काय करून आनलंत?”

“बॉडी लिफ्ट केली वहिनी,” वैजनाथ खाली उडी मारत म्हणाला. आता त्याला उडीच मारावी लागत होती. “कांदा भरला का मागचे टायर वर घासायचे. चेसी अन् बॉडीच्या मधी ठोकळे घातले. जत्रा झाली का मोठे टायर घालतो. मंग बघा रुबाब.”

“अन् बंपर का लोंबतोय?”

“बंपर न्हाई लोंबत. बंपर खालच्या सांगाड्याला, चेसीला आसतोय, तो जागचा हाललाच न्हाई. बॉडी वर गेली.”

“काय वर गेलं अन् काय खाली आलं ते मला न्हाई कळत. माझा आख्खा हात जातोय फटीतून. असल्या बंपरला साखळी बांधणार तुमी? माझा नवरा पळणार हाय पुढं!”

त्याने काहीतरी समजवायला तोंड उघडलं, पण मी एकदा सुटले की मला आवरायला गावात अजून ब्रेक निघालेला नाही. हातात चिरायची विळी तशीच घेऊन मी आप्पासाहेबांच्या ओट्यावर गेले. आप्पासाहेब जत्रेचे पंच. बोलणं कमी, पान जास्त. मी म्हणाले, ही गाडी नको, दुसरी बघा. त्यांनी विळीकडे पाहिलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं.

“विडा दिलाय सूनबाई. गाडी बदलत न्हाई. वैजूला म्हनावं, नीट करून आन.”

“नीट म्हंजी कशी?”

“बंपर लाकडाला भिडला पायजे. बाकी त्यानं हेलिकॅप्टर केलं तरी आपलं काय म्हननं न्हाई.”

झालं. मी घरी येऊन वैजनाथला सांगितलं की बंपर वर घेतल्याशिवाय या अंगणात गाडी लावायची नाही. मग दोन दिवस आमचं बोलणं बंद. त्याचं ताट वाढायचे, पण ‘जेवा’ म्हणायचे नाही. कल्याण मधे पडले नाहीत. ते उपास धरून होते आणि उपासाला त्यांचं तोंड आधीच बंद असतं.

तिसऱ्या दिवशी वैजनाथ म्हणाला, “नागापूरला चाललोय, हैदरभाईकडं. बंपर वर घ्यायला.” मी म्हणाले, मीपण येते. भगताच्या कमरेला बांधायला नवं पांढरं धोतर आणायचं होतं, ते एक निमित्त. खरं कारण हे की माझा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता.

पिकअपमध्ये चढताना मला दारावरचं हँडल, सीटची कड आणि देवाचं नाव, तिन्ही धरावं लागलं. रस्ताभर आम्ही दोघं समोर बघत गेलो. नगर आलं, एमआयडीसीचा फाटा आला, तरी मान वळवली नाही.

हैदरभाईंचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची मोठी शेड. ट्रकच्या बॉड्या, ट्रॉल्या, बंपर, सगळं तिथे बनतं. हैदरभाई साठीचे, दाढी पांढरी, भुवया काळ्या. ठोकळे त्यांनीच घातले होते. मला बघून त्यांनी खुर्ची पुसून दिली.

“बसा भाभी. मी वैजूला तवाच बोल्लो हुतो, बंपर संगच वर घेऊ. ह्याला घाई.”

“आता घ्या,” मी म्हणाले. “पण अंदाजे नको. बैलगाडीच्या लाकडाला तंतोतंत भिडला पायजे.”

“मंग लाकडाचं माप लागंल.”

मी वैजनाथकडे असं बघितलं की आता सापडला. हा माप घेऊन येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण त्याने शर्टाच्या खिशातून सुतळीची गुंडी काढली. एका टोकाला बारका दगड बांधलेला होता आणि मधे एक गाठ.

“गाडीच्या मागच्या लाकडापून जमिनीपतूर,” तो म्हणाला. “दगड जमिनीला, गाठ लाकडाला. तीनदा मोजलं. आकराव्या गाडीचं.”

मी सुतळीच्या गाठीकडे बघत राहिले. दोन दिवस मी ज्याला ‘जेवा’ म्हटलं नाही, तो देवळामागे लावलेल्या जत्रेच्या गाड्यांपाशी जाऊन गुडघ्यावर बसून सुतळीला गाठ मारत होता. माझा राग तिथल्या तिथे निम्मा झाला. उरलेला निम्मा मी तसाच धरून ठेवला, कारण लगेच सोडणं बरं दिसलं नसतं.

हैदरभाईंनी सुतळी बंपरला लावून पाहिली. बंपर गाठीच्या चांगला वीतभर खाली होता. “बघा,” वैजनाथ म्हणाला, “बॉडी उचलायच्या आधीपून बंपर खालीच हुता म्हनायचा. आजवर कसंतरी भागलं. आता बराबर हुईल.” हैदरभाई खूश झाले. बंपर वर घेतला की फट बुजणार आणि वर मापही बसणार. त्यांनी जाड पट्टीचे दोन नवे ब्रॅकेट कापले, भोकं पाडली आणि चेसीला लावले. बंपर जुन्या जागेवरून काढून नव्या ब्रॅकेटवर चढवला. ते वेल्डिंगही मारणार होते, पण वैजनाथ नको म्हणाला. मोठे टायर घातले की पुन्हा वर-खाली करावं लागेल, बोल्टवरच राहू द्या.

बोल्ट आवळून झाल्यावर दगड जमिनीला टेकला आणि गाठ बरोबर बंपरच्या मध्यावर आली. गाडीचं तोंड मिटलं होतं, आता ती माणसांत आल्यासारखी दिसत होती. माझा जीव भांड्यात पडला. येताना केडगावला उतरून मी धोतर घेतलं आणि वैजनाथला उसाचा रस पाजला. रस पिताना तो म्हणाला, “वहिनी, आता तरी जेवा म्हनशीला का?” मी म्हणाले, “बघू.” पण हसू आलंच.

हैदरभाईंना त्याने जत्रेचं आवतण दिलं होतं. ते म्हणाले होते, माझा बंपर कसा चालतो ते बघायला येणारच.

जत्रेच्या दिवशी दुपार कलल्यावर वेशीत गाड्या लागायला सुरुवात झाली. हलगी वाजत होती, रेवड्यांच्या गाड्या लागल्या होत्या, भंडाऱ्याने सगळा रस्ता पिवळा झाला होता. कल्याणच्या अंगाला भंडारा लागला होता. भंडारा लागला की रांग देवळाशी जाईपर्यंत भगताने बोलायचं नसतं. मी धोतर त्यांच्या कमरेला घट्ट आवळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मला म्हणायचं होतं की जाऊ नका. मी म्हणाले, “नीट जावा.”

आत्या देवळाच्या कट्ट्यावर आधीच जाऊन बसल्या होत्या, मामा त्यांच्या शेजारी. मी मात्र रांग बांधून होईपर्यंत वेशीतून हलणार नव्हते. हैदरभाई आले होते, नवा पांढरा कुर्ता घालून, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या घरच्या मुबारकबी. मी दोघांना चहा दिला आणि आम्ही तिघं अकराव्या गाडीपाशी उभे राहिलो.

गाड्या बांधायची रीत अशी की पहिली गाडी सरळ उभी करायची आणि तिच्या मागच्या लाकडावर दुसऱ्या गाडीचं जू उचलून ठेवायचं, दोरांनी आवळायचं. मग दुसरीवर तिसरीचं. पोरांनी एकेक जू उचललं, बांधलं. दहा गाड्या झाल्या. अकरावीचं जू उचललं, दहावीच्या पाठीवर ठेवलं, आवळलं. वैजनाथने पिकअप हळूहळू पुढे आणली. फेटा बांधलेला, खिडकीतून हात बाहेर, तोंडावर हसू. गाडी धुऊन लख्ख केलेली. बंपरला झेंडूचा हार.

बंपर आला आणि लाकडाच्या वरून पुढे गेला.

भिडलाच नाही. लाकूड खाली, बंपर वर, मधे वीतभर अंतर. हार गाडीच्या फळीवर लोळायला लागला. फळीवर बसलेल्या बाईने पाय वर ओढून घेतले.

“थांब, थांब!” कुणीतरी ओरडलं. हलगी थांबली. वैजनाथ खाली उतरला, बंपरकडे बघितलं, लाकडाकडे बघितलं. त्याचं तोंड पांढरं पडलं. त्याने खिशातून सुतळी काढली. दगड जमिनीला लावला. गाठ बंपरवर आली, अगदी मध्यावर. लाकूड गाठीच्या खाली.

“मी तीनदा मोजलं हुतं,” तो म्हणाला. “आईशपथ. तीनदा.”

हैदरभाई म्हणाले, “माझं काम मापाला हाय. सुतळी बघा.” त्यांचा आवाजही पडला होता.

आप्पासाहेब पुढे आले. त्यांनी एकदा पान चावलं. “मधी ओंडका घाला. वर साखळी आवळा. पन गाडी हीच जाईल.”

ओंडका म्हणे. माझ्या डोळ्यांपुढे मामांचा पाय आला. बंपर वर आणि लाकूड खाली असताना साखळी आवळली, तर उताराला ब्रेक लागताच साखळी गाडीचं शेपूट वर उचलणार, दोर सुटणार, आणि दहा भरलेल्या गाड्या कल्याणच्या पाठीवर जाणार. हे सांगायला मास्तर लागत नाही. मी वैजनाथच्या हातातली सुतळी ओढून घेतली आणि खरं तर त्याच्या कानाखाली वाजवणार होते. पण हात उचलला आणि नजर गाडीच्या जुवाकडे गेली.

माझा बाप ऊसतोडीला बैलगाडी घेऊन जायचा. माझं लहानपण कारखान्याच्या गाडीअड्ड्यावर गेलं. बैल सोडले की बाप जू जमिनीवर टेकवायचा, गाडीचं शेपूट वर जायचं, आणि आम्ही पोरं त्या वर गेलेल्या शेपटाला लोंबकळायचो. ते सगळं मला एकदम आठवलं.

“भावजी,” मी म्हणाले, “माप घेतलं तवा गाडी कशी हुती?”

“कशी म्हंजी? देवळामागं उभी हुती.”

“जू कुठं हुतं?”

“जू... जमिनीला टेकल्यालं.”

मी तिथे रस्त्यातच खाली बसले. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणी पण आलं, काय आधी आलं ते सांगता येत नाही.

“अहो भावजी, सोडलेली गाडी नाक टेकून बसती अन् ढुंगण वर करती! ती गाठ वर गेलेल्या ढुंगणाची हाय. रांगंत जू वर उचललं का मागचं लाकूड खाली येतं. ज्याच्या घरात बैल हाय त्याला विचारायचं तरी!”

“कुनाच्या घरात हायत आता बैल?” वैजनाथ म्हणाला. ते खरंच होतं. रांग बांधणाऱ्या पोरांपैकी एकानेही कधी बैल जुंपले नव्हते. ती नुसती जू उचलत होती आणि दोर आवळत होती.

हैदरभाई कपाळाला हात लावून उभे होते. मग त्यांनी वाकून बंपरच्या खाली चेसीकडे पाहिलं, सुतळी माझ्या हातातून घेतली, लाकडाची उंची बोटाने धरली आणि ती चेसीच्या जुन्या भोकांना लावली. तशीच धरून ते माझ्याकडे वळले.

“भाभी,” ते म्हणाले, “बंपर पैल्या जागी बराबर हुता.”

तोवर वैजनाथच्याही डोक्यात प्रकाश पडला होता. बंपर जागचा हललाच नव्हता. त्याने मला पहिल्याच दिवशी अंगणात हेच सांगितलं होतं. बॉडी वर गेली होती, आणि ती फट बघून बंपर खाली लोंबतोय असा कांगावा मीच गावभर केला होता. जो बंपर सगळी वर्षं लाकडाला मुकाट भिडत होता, तो मी विळी हातात घेऊन हलवायला लावला होता. त्याने चुकीचं माप घेतलं, पण मापाची वेळ माझ्यामुळे आली. आमची नजरानजर झाली. मी म्हणाले, “बघत काय बसलाय? पाने काढा सीटखालचे.”

हैदरभाई नव्या कुर्त्यानिशी गाडीखाली शिरले. “अवो, कुर्ता!” मुबारकबी ओरडल्या. “सकाळी पैल्यांदा घातलाय!” गाडीखालून आवाज आला, “मंग आता दुसऱ्यांदा धुवायचा.” लोक हसले. बोल्ट सुटायला लागले. नवे ब्रॅकेट निघाले. हार काढून मी माझ्या हातात धरला. वैजनाथ आणि दोघांनी बंपर उचलून जुन्या जागी धरला, हैदरभाईंनी खालून बोल्ट घातले, आवळले, पुन्हा आवळले आणि वर पाना एकेकावर आपटून पाहिला. मामांच्या काळचे एक म्हातारबुवा घाई करत होते की मुहूर्त टळतोय. आप्पासाहेबांनी त्यांना हाताने गप्प केलं.

पिकअप पुढे आली. बंपर लाकडाला लागला. टायर मधे बसला, साखळी आवळली गेली. हैदरभाईंनी साखळीवर पाय देऊन दोनदा अंग टाकलं. हललं नाही. धूळ आणि ग्रीसने माखलेले ते बाहेर आले, आणि वर फट तशीच, बोळकं तोंड उघडं. अख्ख्या गावापुढे, जत्रेत, वैजनाथची रुबाबदार गाडी ही अशी. पोरं फिदीफिदी हसायला लागली. वैजनाथने एकदा त्या फटीकडे पाहिलं.

“हसू द्या,” तो म्हणाला. “आज दिसायला न्हाई आनली.”

तो गाडीत चढला तेव्हा फेटा दाराला अडकून पडला. त्याने उचललाही नाही.

मी हार बंपरला बांधला आणि देवळाकडे धावत सुटले. आत्यांच्या शेजारी कट्ट्यावर पोचते न पोचते तोच वेशीतून हलगीचा आवाज वाढला, भंडारा उधळला, जयघोष झाला आणि रांग हलली. पारापर्यंत मला फक्त धूळ दिसत होती. आत्यांनी माझं मनगट धरलं होतं, बांगड्या रुतत होत्या. मामा काठीवर हनुवटी टेकवून बघत होते. त्यांनी बरा पाय खाली घट्ट रोवला होता.

मग पारापाशी कल्याण दिसले. पिवळेधमक, वाकलेले, पळत. मागे गाड्यांचा डोंगर. उतार लागला. दोर ढिला पडला. म्हणजे आता ते ओढत नव्हते, गाड्या मागे येत होत्या. चाकांचा आवाज बदलला. कल्याणनी एकदा मान वळवून मागे पाहिलं. आत्यांनी डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. मला मिटता आले नाहीत.

“धर,” मामा म्हणाले. हळू, स्वतःशीच. “धर रं वैजू. आता धर.”

आणि रांगेच्या शेवटून कर्रर्र असा आवाज आला. तो एका गाडीतून दुसऱ्या गाडीत, दुसरीतून तिसरीत असा पुढे येत गेला. दोर ताणले, लाकडं कुरकुरली, बसलेली माणसं सगळी पुढे झुकली. गाड्यांचा वेग तुटला. दोन माणसांत बोलायला राहावं इतकं अंतर पहिल्या गाडीत आणि कल्याणच्या पाठीत राहिलं, आणि तेवढंच राहिलं. पायऱ्यांपर्यंत तेवढंच. देवळाच्या पहिल्या पायरीवर कल्याणनी हात टेकले आणि त्यांच्या मागे सगळी रांग थांबली.

आत्या मोठ्याने रडल्या. मामा काठी टाकून उठले आणि पडता पडता कुणीतरी त्यांना धरलं. मी कल्याणपाशी पोचले. त्यांचे दोन्ही पाय मी हाताने चाचपून पाहिले, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, लोक बघत होते तरी. ते धापा टाकत होते. त्यांना आता बोलायला मोकळीक होती. पहिलं वाक्य ते माझ्याशी बोलले.

“वैजू कुठाय?”

मी मागे पाहिलं. सगळे लोक पुढे भगताकडे लोटत होते. गाड्यांतून माणसं उतरत होती, भंडारा उडत होता. रांगेच्या टोकाकडे कुणीच जात नव्हतं. मी निघाले. गर्दीच्या उलट दिशेने, एकेक गाडी मागे टाकत, उतार चढत वर गेले. बारावी गाडी तशीच उभी होती, हार साखळीत चेपलेला, बंपर लाकडाला घट्ट.

वैजनाथ आत एकटाच होता. दोन्ही हात स्टेअरिंगवर, डोळे समोर, पाय ब्रेकवर. पाय इतका दाबलेला की मांडी थडथडत होती. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता.

“भावजी,” मी म्हणाले. “सोडा आता.”

“थांबल्या का?”

“थांबल्या.”

“समद्या? दादा?”

“ते पायरीवर बसलेत. तुमाला विचारत्यात. दोनी पाय शाबूत हायत, मी हात लावून बघितलं.”

त्याने मान हलवली, पण पाय उचलला नाही.

“हँडब्रेक ओढा की,” मी म्हणाले.

“हात सुटंना वहिनी,” तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “पाय काढला अन् परत सुटल्या तर?”

मी रस्त्याकडेला गेले. तिथे एक चांगला थोराड दगड होता. तो दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला आणि पिकअपच्या पुढच्या चाकाला लावला. दुसरा आणला, तो दुसऱ्या चाकाला. लाथ मारून दोन्ही पक्के केले. मग दार उघडलं, आत हात घालून हँडब्रेक मीच वर ओढला, आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आता सोडा,” मी म्हणाले. “मी धरलीय.”

त्याने पाय हळूच वर उचलला. आम्ही दोघं श्वास रोखून पुढे बघत राहिलो. गाडी जागची हलली नाही.

“चला घरी,” मी म्हणाले. “जेवा.”